भिडेची खरेदी आणि गरजेची मागणी

थेट विक्रीचे काम हाती घेणाऱ्या बाईची पहिली गिऱ्हाईके कोण असतात, हे सांगायला जाणकार लागत नाही. बहीण, नणंद, खाला, फुफी, चाची आणि शेजारीण. माहितीपत्रक घेऊन आपण त्यांच्या दारी जातो. चहा होतो, मुलाबाळांची विचारपूस होते आणि मग पिशवीतून वस्तू बाहेर निघते. खाला एखादी वस्तू घेते. तिला ती हवी असतेच असे नाही. समोर आपण बसलेलो असतो, म्हणून ती घेते. आमच्या स्वतःच्या माळ्यावर अशी दोन खोकी आहेत. एक नात्यातल्या भाभीकडून घेतलेले, दुसरे शाळेतल्या मैत्रिणीकडून. दोन्हींवरची टेप अजून तशीच आहे. त्या दोघींना नाही म्हणणे जमले नाही, एवढेच त्या खरेदीचे कारण.

या मुरव्वतीपायी किती घरांचे पैसे अडकतात आणि किती नाती आतून आंबतात, हे आपल्या बहिणींना वेगळे सांगायला नको. एकदा भिडेखातर घेतले की पुढच्या वेळी ती विक्रेती लांबून दिसली तरी माणूस गल्ली बदलतो. विक्रेतीलाही ते कळते. दोघीही एकमेकींना काही बोलत नाहीत.

आम्ही दोघी जावा चिपळूणजवळ एकाच घरात राहतो. थोरलीचे पती दोह्याला नोकरीत आहेत, धाकटीचे पती इथेच गॅरेज चालवतात. दोघींची मिळून पाच मुले, सगळी शिकणारी. फीचा हप्ता आणि गॅरेजची कमाई यांचा मेळ दर महिन्याला बसतोच असे नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही हवाबंद डबे, पाण्याच्या बाटल्या आणि साफसफाईच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीच्या विक्रेत्या झालो. तेव्हा आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, एकच अट घातली. "धंदा खुशाल करा, पण आपल्या माणसांवर तोंड चुकवायची पाळी आणू नका." ही अट पाळायची तर गिऱ्हाईकाने आपणहून यायला हवे होते. बाजारात गाळा घेण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून आम्ही स्वतःची वेबसाईट काढली. तिने काय दिले आणि काय दिले नाही ते इथे सांगतो, कारण आज गावोगाव कितीतरी बहिणी हेच काम करीत आहेत.

दारोदार विक्री आपल्याकडे नवी नाही. ऐंशीच्या दशकात युरेका फोर्ब्सचे विक्रेते व्हॅक्यूम क्लीनर घेऊन शहरातल्या घराघरांत जात. पुढे १९९६ मध्ये टपरवेअर आणि १९९८ मध्ये ॲमवे या कंपन्यांनी भारतात काम सुरू केले आणि हा धंदा बायकांच्या बैठकीपर्यंत पोहोचला. कायदा मात्र उशिरा आला. केंद्र सरकारचे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. प्रत्येक विक्रेतीने ते एकदा वाचावेत. आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगी घेतल्याशिवाय आणि ओळखपत्र जवळ नसताना कुणाच्या घरी विक्रीसाठी जायचे नाही. आपण कोण, कोणत्या कंपनीचा माल आणला आणि कशासाठी आलो, हे सुरुवातीलाच सांगायचे. किंमत, पैसे देण्याच्या अटी, माल परत करण्याची सोय आणि हमी समजावून द्यायची. कंपनीने मान्य केला नाही असा दावा करायचा नाही आणि तिने मंजूर न केलेले साहित्यही वाटायचे नाही.

हे नियम वाचताना आमच्या लक्षात आले की स्वतःची वेबसाईट ही यातली बरीच कामे सोपी करते. आम्ही कोण, माल कुणाचा, किंमत किती, परत कसा होतो, हे सगळे पहिल्याच पानावर लिहिता येते. मागणीच्या अर्जात आम्ही एक ओळ ठेवली, "आम्ही घरी यावे का? कोणत्या वेळी?" त्यामुळे घरी जाण्याची परवानगी लेखी मिळू लागली. आता आम्ही जातो तेव्हा ती बाई आमची वाट पाहत असते.

कंपनीने प्रत्येक विक्रेतीला एक तयार पान दिले होते. हजारो विक्रेत्यांचे पान सारखेच, फक्त नाव आणि फोन नंबर वेगळा. त्यावर मालाचे चकचकीत फोटो होते, पण आमच्या गिऱ्हाईकाला पडणाऱ्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही वेगळा पत्ता विकत घेतला. वर्षाला हजार रुपयांच्या आत काम झाले. पत्त्यात कंपनीचे नाव वापरले नाही, कारण तसे करायला करारात मनाई आहे. धाकटी बी.कॉम. आहे. तिने तयार साच्यावर आठ पाने बसवली आणि मजकूर मंजुरीसाठी कंपनीकडे पाठवला. लेखी होकार यायला तीन आठवडे लागले. तोवर पाने बंदच ठेवली.

पहिल्या महिन्यात एकही मागणी आली नाही. वेबसाईट काढली म्हणजे मागण्यांचा पाऊस पडेल, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दुकान उघडले तरी त्या गल्लीत माणसे यावी लागतात. दुसऱ्या महिन्यात आम्ही एक वही केली. घरभेटीत बायका जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायला सुरुवात केली. सुक्या बोंबलाचा वास बाहेर येतो का? पाच किलो तांदूळ मावेल असा डबा कोणता? हळदीचा डाग पडतो का? पावसाळ्यात पापड मऊ होणार नाहीत ना? मीठ लावलेली कैरी ठेवली तर चालेल? झाकण हरवले तर नुसते झाकण मिळते का?

या प्रश्नांची आम्ही एक-एक करून उत्तरे लिहिली. लिटरचे माप आमच्याकडे कुणाला उमगत नाही, म्हणून प्रत्येक डब्यात तांदूळ, पीठ आणि शेवया भरून पाहिल्या आणि किती मावते ते किलोत लिहिले. हळदीचा डाग पडतो, असे सरळ लिहिले. उकळते तेल ओतू नये, असेही लिहिले. फोटो खिडकीच्या उजेडात मोबाईलवर काढले. त्यात डबा दिसतो आणि धरणारा हात दिसतो, चेहरा कुणाचाच नाही. डब्यांची नावे इंग्रजी अक्षरांतही घातली, कारण आपल्यातले पुष्कळ लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करून शोधतात. प्रत्येक पानाखाली एक बटण ठेवले. ते दाबले की व्हॉट्सॲपवर तयार संदेश उघडतो. त्यात वस्तूचे नाव आधीच असते. गिऱ्हाईकाने फक्त मोहल्ला आणि वेळ लिहायची.

व्हॉट्सॲपचे स्टेटस असताना वेबसाईट कशाला, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते आणि ते दिसते फक्त आपला नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांना. म्हणजे पुन्हा तीच बहीण, तीच नणंद. पान मात्र जागेवर राहते. एखादीला रात्री दोन वाजता लेकराला पाजताना आठवण झाली तरी ती ते उघडून पाहते, किंमत बघते आणि आवडले नाही तर बंद करते. नाही म्हणायला तिला कारण शोधावे लागत नाही. चहा ठेवावा लागत नाही. आमच्या मते वेबसाईटची सगळ्यात मोठी कमाई हीच.

लोक पानापर्यंत येतात कसे, याचेही उत्तर वहीने दिले. प्रत्येक मागणीपुढे आम्ही "कुठून कळले?" असा रकाना ठेवला. सर्वांत जास्त वेळा लिहिले गेले ते "डब्याखालची पट्टी". प्रत्येक डब्याच्या तळाला आम्ही एक लहान कागदी पट्टी लावतो. त्यावर वेबसाईटचा पत्ता आणि मोबाईलने वाचता येणारा चौकोनी कोड असतो. दावतीला आलेली पाहुणी स्वयंपाकघरात डबा पाहते, विचारते आणि उचलून तळ बघते. दुसरा रस्ता होता हरवलेल्या झाकणाचा. झाकणाबद्दलचे पान आम्ही सहज म्हणून लिहिले होते. आज तेच सर्वांत जास्त उघडले जाते. झाकणात आम्हाला फारसे काही सुटत नाही, पण झाकण मागायला आलेल्या बहिणीकडे कंपनीचा डबा आधीपासून असतो, तो तिने वापरलेला असतो आणि तिला काय हवे ते नेमके ठाऊक असते. तिला काही पटवावे लागत नाही.

तिसऱ्या महिन्यात एक मागणी आली ती दोह्याहून. आमच्याच पंचक्रोशीतला मुलगा तिथे कामाला होता. त्याची अम्मी गावी एकटी. मुंग्यांनी साखर-पिठाचा जीव खाल्लाय, असे ती फोनवर म्हणाली, म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी बसून चार डबे निवडले आणि लिहिले, "अम्मीला उघडून दाखवा, तिला झाकण लागले पाहिजे, मगच ठेवा." कोकणातल्या आपल्या किती घरांतली कर्ती माणसे आखातात आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या मुलांच्या दारावरची बेल आम्ही कधी वाजवू शकलो नसतो. थोरली त्या म्हातारीकडे जाऊन बसली, झाकणे उघडून-लावून दाखवली. एक झाकण तिला घट्ट वाटले, तो डबा परत आणला आणि तीनच डब्यांचे पैसे घेतले. त्यानंतर परदेशातून कुणी मागणी केली तर आम्ही ती घरातल्या बाईने पाहिल्यावरच पक्की धरतो, आणि तसे पानावरही लिहिले आहे.

आता ज्या प्रसंगाने आमची खरी परीक्षा घेतली तो सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना आजही जून आला की धास्ती वाटते. एका जूनमध्ये गोवळकोटकडच्या एका बाईची मागणी आली. सहा मोठे डबे. कारणाच्या ओळीत लिहिले होते, "निकाहनामा, पासपोर्ट, जमिनीचे कागद ठेवायला. पाणी आत जाणार नाही ना?" तो महिना फीच्या हप्त्याचा होता आणि सहा डब्यांत आमचा हप्ता जवळजवळ निघत होता. डबा हवाबंद आहे, हे खरे होते. दमट हवेत पापड मऊ पडू देत नाही, हेही खरे होते. पण पुराच्या पाण्याखाली तो टिकेल, असे कंपनीने कुठेच म्हटलेले नाही. आम्हीही पाहिलेले नाही.

थोरलीने तिला फोन केला. हे डबे अन्नासाठी आहेत, पाण्यात बुडाले तर काय होईल याची हमी कुणी दिलेली नाही, असे सांगितले. ज्या कागदांची सोय आहे ते डिजिलॉकरमध्ये घ्या, बाकीच्यांचे फोटो दोन मोबाईलवर ठेवा आणि मूळ प्रती वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे द्या, असेही सुचवले. ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग तांदूळ आणि डाळीसाठी दोन डबे घेतले. हप्ता त्या महिन्यात गॅरेजच्या पैशांतून उसना भरला. हाच प्रश्न आणि हेच उत्तर आम्ही कंपनीची मंजुरी घेऊन पानावर टाकले. पुढच्या काही महिन्यांत त्या वस्तीतून चार नवी घरे आली. "कुठून कळले?" या रकान्यात एकीने सांगितले ते धाकटीने तसेच लिहून ठेवले आहे, "जी नाही म्हणते, तिच्या होवर भरवसा ठेवता येतो."

ओल्या धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाह (स.) यांनी व्यापाऱ्याला जे विचारले, ती हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भिजलेले धान्य वर ठेवावे, लोकांना दिसू द्यावे. वेबसाईटवर गिऱ्हाईकाला ढिगात हात घालता येत नाही. म्हणून ओले काय आहे ते वर ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होते.

दुसरी एक हदीस आम्हाला अडवून होती. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये. थेट विक्रीत माल पुष्कळदा मागणी आल्यावर येतो. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना सगळी पद्धत सांगून विचारले. त्यांच्या सल्ल्याने प्रत्येक वस्तूपुढे दोनपैकी एक शब्द लिहिला, "घरात आहे" किंवा "मागवून देऊ". मागवायच्या वस्तूसाठी आगाऊ पैसा घेत नाही. गिऱ्हाईकाने कळवलेली ती फक्त इच्छा समजतो. माल आमच्या हाती आल्यावर, तिने पाहिल्यावर आणि पसंत केल्यावर व्यवहार होतो. यात कधीकधी माल अंगावर राहतो. तो आम्ही "घरात आहे"च्या यादीत टाकतो, आणि पुढेमागे कुणीतरी नेते.

आमच्या वरच्या फळीतल्या ताईंचे मात्र वेगळेच म्हणणे होते. एवढी वेबसाईट आहे तर तिच्यावर "घरबसल्या महिन्याला लाख कमवा" असे लिहा, बायका जोडा, डबे विकून कुणी मोठे झाले आहे का? त्यांच्या हिशेबात एक विक्रेती जोडणे हे दहा डबे विकण्यापेक्षा फायद्याचे होते. आम्ही नकार दिला. माणसे जोडण्यावरच पैसा फिरवणाऱ्या साखळीला २०२१ च्या नियमांत मनाई आहे, आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. फक्त खऱ्या मालाच्या विक्रीवरच कमाई देणारी कंपनी त्यात मोडत नाही, पण विक्रेतीने आपल्या पानावर मालाऐवजी कमाईची स्वप्ने मांडली की ती त्या वाटेने चालू लागते. आपल्या मेहनतीशिवाय खालच्या साखळीतून येणाऱ्या कमिशनला अनेक उलमा नाजायज मानतात, तेही डोळ्यांआड करता येत नव्हते. आणि साधी गोष्ट अशी, की लाखाच्या आशेने जी बाई येईल ती आधी आपल्याच खालाच्या दारात उभी राहील. ज्या भिडेतून आम्ही बाहेर पडायला पाहत होतो तीच आम्ही दुसरीच्या पदरात बांधली असती. ताई नाराज झाल्या. कंपनीच्या सभेत आमचे नाव पुकारले जात नाही. आमच्या वेबसाईटवर "विक्रेती व्हा" हे बटण नाही.

आणखी एक जबाबदारी वेबसाईटने आणली. मागणीच्या अर्जातून बायकांचे नंबर, पत्ते आणि घरी कोणत्या वेळी कोण असते हे आमच्याकडे येते. ही अमानत आहे. ही यादी मागायला लोक आले. एकाला साड्यांची जाहिरात पाठवायची होती, एकाला विम्याची. दिली नाही. माल पोहोचला आणि बदलून देण्याची मुदत संपली की पत्ता खोडून टाकतो. गिऱ्हाईकाचे चांगले शब्द पानावर छापायचे असतील तर तिला विचारतो आणि नाव न देता फक्त गाव लिहितो.

वेळाही ठरवल्या आहेत. जुम्याच्या दुपारी आणि इशानंतर उत्तर नाही, असे पानावरच लिहिले आहे. रमजानसाठी शाबानच्या वीस तारखेपर्यंतच मागणी घेतो, म्हणजे रोज्यात धावपळ होत नाही. सुरुवातीला वाटले होते, गिऱ्हाईक तुटेल. उलट वेळ माहीत असल्याने लोक निवांत वाट पाहतात.

आज आमच्या निम्म्याहून थोड्या जास्त मागण्या वेबसाईटवरून येतात. बाकीच्या अजून तोंडी आणि फोनवर येतात, आणि ते तसेच राहील. म्हाताऱ्या बायकांना डबा हातात घेऊनच बघायचा असतो. वेबसाईट घरभेटीची जागा घेत नाही. ती फक्त इतके करते, की ज्या घरात आपण हवे आहोत त्याच घरात आपण जातो. दोन मुलांची फी आता या पैशांतून निघते. लखपती आम्ही झालो नाही. नात्यातल्या बायका अजूनही आमच्याकडून घेतात, पण आता त्या आधी पान बघतात, आणि ज्यांना नको असते त्या लग्नाकार्यात आम्हाला पाहून तोंड फिरवत नाहीत.

जी बहीण हे काम सुरू करू पाहते तिला आमचे एवढेच सांगणे. वेबसाईट बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी चार आण्याची वही घ्या. महिनाभर गिऱ्हाईकाचे प्रश्न तिच्यात लिहा, विशेषतः असे प्रश्न, ज्यांचे खरे उत्तर दिले तर विक्री कमी होईल. पहिली पाने त्यांचीच बनवा. कंपनीची लेखी मंजुरी घ्या. आपले नाव, आपली वेळ आणि माल परत कसा होईल हे वर लिहा. मग मागण्या हळूहळू येतील आणि ज्या येतील त्या गरजेच्या असतील. गरजेपोटी घेतलेला डबा कुणाच्या माळ्यावर पडून राहत नाही. तो रोज उघडला जातो, आणि रोज उघडणाऱ्या डब्यातच आपल्या रोजीची बरकत आहे, इन्शाअल्लाह.